रिकामं वजन

उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते, हे अश्विनीला श्रीरामपुरात गोरक्षनाथच्या गॅरेजात कळलं. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण रबर लाकडासारखं कडक झालं होतं. दारांच्या कडेच्या रबरी पट्ट्यांचा बोटांखाली भुगा होत होता. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वॉर्निशचा वास येत होता. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. ते कोऱ्या चहासारखं काळपट होऊन बाटलीत उतरताना तिने पहिल्यांदा पाहिलं आणि तिला बरं वाटलं. ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. माहीत असलेली गोष्ट डोळ्यांसमोर खरी होताना पाहणं, हा तिचा आनंद होता.

“मॅडम, रोज चालवायची हाय का ही, का दसऱ्याला पूजेपुरती?” गोरक्षनाथ गाडीखालून म्हणाला.

“फक्त रविवारी.”

“मग मधी एकदा नुसती चालू करून ठिवत जा. हिच्यापरीस म्हैस घेतली असती तर दूध तरी दिलं असतं.”

गॅरेजच्या दाराशी खुर्चीवर बसलेले अप्पा हसले. आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. पण हसले. अश्विनीने ते पाहिलं आणि गाडी घेतल्याचं सार्थक झालं असं तिला तिथेच वाटून गेलं.

अप्पा म्हणजे तिचे वडील, बिभीषण. मूळचे मिरजगावचे. तरुणपणी शिंगणापूरच्या शिवारातल्या कारभारी आण्णांकडे ड्रायव्हर म्हणून लागले आणि उभं आयुष्य तिथेच गेलं. आण्णा मोठे बागायतदार, जनावरांचे शौकीन. ही लांबलचक राखाडी जर्मन गाडी त्यांनी हौसेने घेतली होती, आणि तिच्यातून ते कुठे जात, तर घोडेगावच्या बाजाराला म्हशी बघायला. आण्णा वारले तशी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि अप्पा श्रीरामपूरला लेकीकडे आले. अश्विनीची आई त्याच्या आधीच गेली होती. आल्यापासून अप्पा अंगणातल्या बाजेवर बसून रस्त्याकडे बघत. हाक मारली तर जेवत, नाही मारली तर नाही. मग बोलणंही सरत गेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की शरीरात काही नाही, फक्त चक्कर येते म्हणून एकट्याने गाडी चालवू देऊ नका. आणि त्यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर हा माणूस असाच विझत जाईल. अश्विनीने पुष्कळ विचार केला. अप्पांना गुंतवून ठेवणारी एकच गोष्ट तिला आठवत होती, आणि ती पत्र्याखाली उभी होती.

ती गाडी मागायला गेली, तेव्हा आण्णांच्या पत्नी गोजरबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्या गावात घरांना चौकटी असतात, दारं नसतात; देवाच्या भरवशावर गाव उघडं निजतं. गोजरबाईंच्या चौकटीत जुन्या साडीचा पडदा होता. वाऱ्याने तो आत ओढला जाई, पुन्हा बाहेर येई. घर झोपेत श्वास घेत असावं, तसं ते दिसत होतं.

“ने लेकी,” त्या म्हणाल्या. “बिभीषणच्या हातात जाती म्हनल्यावर मला काय. चावी गाडीतच हाय, कायम गाडीतच असती. तेवढं कुलूप लावू नका तिला.”

“का हो, आजी?”

“आमच्यात लावत न्हाईत.”

यापुढे सांगण्यासारखं काही उरत नाही, अशा नजरेने त्यांनी अश्विनीकडे पाहिलं आणि पुढचा गड्डा हातात घेतला.

गोरक्षनाथने काम संपवताना दोन गोष्टी दाखवल्या. दारांच्या कुलपांकडे जाणारी वायर डॅशबोर्डच्या खाली तोडलेली होती. उंदराने कुरतडलेली नव्हे. पक्कडीने नीट कापून, दोन्ही टोकांना टेप गुंडाळून ठेवलेली. आणि गाडी मागच्या डाव्या बाजूला किंचित दबलेली होती.

“मामा, मालक मागं डावीकडं बसायचे का?” त्याने अप्पांना विचारलं.

“व्हय,” अप्पा म्हणाले. “कायम तिथंच.”

“बसून बसून स्प्रिंग दबलीय. दोनी बदलून टाकतो. वायर जोडू का?”

“नको,” अप्पा म्हणाले.

नव्या स्प्रिंगांनी गाडी सरळ उभी राहिली. तरी अश्विनीला चैन पडेना. घरी जाताना तिने गाडी कारखान्यात वळवली आणि उसाच्या काट्यावर चढवली. हंगाम सुरू झालेला. ट्रॅक्टरांची रांग लागली होती, पण दुपारी मधेच काटा रिकामा सापडला. ऊस घेऊन आलेली ट्रॉली या काट्यावर चढते, तेव्हा भरलं वजन. ऊस टाकून परत जाताना रिकामं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. फसवाफसवी नको म्हणून नियम असा, की दोन्ही वेळा गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं. अश्विनी उतरली, अप्पा उतरले. काट्याच्या खोलीतून छगनने खिडकीबाहेर मान काढली.

“मॅडम, ऊस कुठाय? का नुसताच थाट?”

“रिकामं वजन बघायचंय.”

लाल आकडे दहा-दहा किलोंनी सरकत जाऊन थांबले. गाडीच्या पुस्तिकेत छापलेल्या वजनाशी ते जवळजवळ जुळत होते. अश्विनी मनाशी हसली. वस्तू जे म्हणते तेच वजन भरते, याइतकं शांत करणारं दुसरं काही नाही.

मग रविवार सुरू झाले.

निघण्याआधी अप्पा सदऱ्याची बाही हातावर ओढून पुढची काच आतून पुसत. डावीकडून उजवीकडे, एकच अर्धगोल. फडकं होतं, वायपर चालत होते. तरी ती बाही आणि तो अर्धगोल झाल्याशिवाय गाडी हलत नसे. अश्विनीला लहानपणापासून ते आठवत होतं. स्टिअरिंगच्या चाकापाशी बसले की अप्पांची पाठ ताठ होई. काचा वर केल्या की बाहेरचं जग पाण्याखाली गेल्यासारखं मुकं होई: राहुरीकडचा रस्ता, कालव्याच्या कडेची हिरवी पट्टी, पांढरे तुरे आलेले उसाचे फड, बैलगाड्यांवर मोळ्या रचून चाललेले तोडकरी, सगळं काहीच आवाज न करता मागे वाहत राही. कातडी सीटला उन्हाचा वास येई. गाडी चालते आहे की आपण स्वस्थ बसलो आहोत आणि जिल्हाच हळूहळू सरकतो आहे, हे अश्विनीला कधी कधी कळत नसे. तिला झोप लागे, आणि झोपेत तिला वाटे, की आपण जागेच आहोत.

अप्पा आधी आण्णांच्या वस्तीवर जात. पत्र्याच्या शेडपाशी गाडी उभी करत, खाली उतरत, मागचं डावं दार उघडत, क्षणभर मान खाली घालून उभे राहत आणि दार हलकेच लावत. मग घोडेगाव. रविवारी जनावरांचा बाजार नसे. बाजारतळ नुसता उघडा पडलेला असे. जमिनीत ठोकलेले खुंट, खुरांनी भुसभुशीत झालेली माती, वाळलेल्या शेणाचा गोडसर वास. तिथे अप्पा पुन्हा उतरून मागचं डावं दार उघडत, लावत, आणि परत येऊन चाकापाशी बसत.

“अप्पा, चला ना, समोर चहा घेऊ,” पहिल्या रविवारी अश्विनी म्हणाली.

“तू घे. मला इथं आन. गाडी सोडून न्हाई जाता येत.”

“इथे कोण नेणार आहे गाडी?”

“तसं न्हाई, ताई. कुलूप न्हाई म्हनल्यावर गाडीत मानूस लागतंय. आण्णा दिसभर म्हशींचे दात बघत फिरायचे, मी इथं बसलेला. ते आले की मी मोकळा. इतकी वर्सं गाडी एकदा बी एकटी सोडली न्हाई.” ते बाजारतळाकडे बघत होते. “त्येंचा एक खिसा कायम पेंडीनं भरलेला. दिसंल त्या म्हशीला चारायचे. दिसंल त्या लेकीबाळीला पोरी म्हनायचे. लई मोकळा मानूस.”

अप्पा एका दमात इतकं बोलल्याला किती काळ लोटला होता, हे आठवून अश्विनी चहा आणायला पळाली.

मग केव्हातरी, कशावरून कोण जाणे, अप्पा उतरत आणि मागचं दार उघडून लावत. परतीच्या वाटेवर वस्तीवर पुन्हा तेच. मग घर.

वस्तीवर ते दार लागण्याच्या आत गाडी किंचित खाली जाई. काठाला लावलेल्या होडीत कुणी पाय ठेवावा, तशी. पुढे बसलेल्या अश्विनीला ते पाठीत जाणवे. अप्पा दाराला रेलत असतील. एकदा झाडताना तिला मागच्या डाव्या सीटवर सरकीच्या पेंडीचा चुरा मिळाला. शिवणीत अडकलेला जुना असेल, असं म्हणून तिने ब्रशने काढला. पुढच्या रविवारी पुन्हा मिळाला. तिने पुन्हा काढला. एखादा प्रयोग मनासारखा चालला असला, की माणूस भांड्याला हात लावायला भितो, तसं तिचं झालं होतं. अप्पा दोन वेळा जेवत होते. शेजाऱ्यांशी बोलत होते. सकाळी दाढी करत होते. तिला आणखी काही माहीत करून घ्यायचं नव्हतं.

डिसेंबरात शेजारच्या जीपची बॅटरी चोरीला गेली. अश्विनी गाडी घेऊन गोरक्षनाथकडे गेली आणि तिने वायर जोडून घेतली.

“ताई, नको व्हतं,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, हे शिंगणापूर नाही.”

दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला राहिला.

त्या रविवारी कुलपं छान चालली. गाडीने वेग घेतला की चारी दारं आपोआप लागत. वस्तीवर अश्विनीने बटण दाबलं, अप्पांनी मागचं दार उघडलं, लावलं. घोडेगावात तसंच, पोचल्यावर आणि निघताना. परत वस्तीवर आले, तेव्हा तिचा फोन वाजला. प्रयोगशाळेतून होता: रसाचा पीएच उतरत होता, चुन्याचा मेळ बसत नव्हता, ताबडतोब या. तिने बोलता बोलता बटण दाबलं. तीन दारं उघडली. चौथ्याच्या कुलपाची मोटर आतल्या आत टकटक करत राहिली.

अप्पा कडी ओढत होते. दार उघडेना.

“उद्या गोरक्षनाथला दाखवू,” अश्विनी म्हणाली. “चला अप्पा, मला कारखान्यावर जायचंय.”

“उघडलं पायजे, ताई.”

“त्या बाजूचं उघडा की मग.”

“तिकडनं न्हाई उतरत कुनी.”

तिने पुन्हा बटण दाबलं. टकटक. ओट्यावर गोजरबाई उभ्या राहिल्या होत्या. हाताची सावली डोळ्यांवर धरून त्या गाडीकडे बघत होत्या. अश्विनीकडे नाही, अप्पांकडेही नाही. त्यांच्यामागे चौकटीतला पडदा आत ओढला गेला होता आणि बाहेर येत नव्हता.

“अप्पा, चला ना.”

अप्पा बसले. सोनई गाव मागे पडल्यावर म्हणाले, “उतरायचं राह्यलं.”

“काय राहिलं?”

“उतरायचं.”

कारखान्यात शिरताना काटा नेमका रिकामा होता. छगनने हात हलवून बोलावलं. “या मॅडम, आज तरी ऊस आणला का?” अश्विनीला वाटलं, नाही म्हणावं. ती प्रयोगशाळेकडे जायची घाई विसरली नव्हती. तरी ती म्हणाली, “अप्पा, घ्या काट्यावर.”

दोघं उतरली. आकडे सरकत गेले आणि थांबले. मागच्या खेपेपेक्षा ते एका माणसाइतके जास्त होते.

“काट्याला थंडी वाजली असंल,” छगन म्हणाला. पण तो मनाशी चिडला होता. काट्यावर कुणी शंका घेतलेली त्याला खपत नसे. त्याने गाडी खाली घ्यायला लावली, एक नेहमीची ट्रॉली चढवली, तिचं रिकामं वजन बरोबर आलं. पुन्हा गाडी चढवली. तोच जास्तीचा आकडा.

अश्विनीने डिकी पाहिली. जॅक, सुटं चाक, बाकी काही नाही. मग उजवीकडचं दार उघडून तिने आत वाकून पाहिलं. डाव्या सीटचं कातडं मधोमध दबलेलं होतं. तिने तळवा टेकवला. ऊन दुसऱ्या बाजूला होतं. कातडं कोमट होतं.

तिने हात काढून घेतला आणि ती चुन्याचा मेळ बसवायला निघून गेली. काम हाताशी होतं, हे तिला फार बरं वाटलं.

सोमवारी गोरक्षनाथने घरी येऊन दार उघडून दिलं. अश्विनीनेच त्याला सांगितलं, वायर पुन्हा तोडून टाका. तो म्हणाला, “येकदा जोड, येकदा तोड, मॅडम. लोकांच्या गाड्यांत बिघाड असतो, तुमच्या गाडीत मतभेद हायेत.” नेहमी अशा बोलण्यावर अप्पांचे खांदे हलत. ते उघड्या दारापाशी उभे होते. बराच वेळ उभे राहिले.

“झालं ना आता?” गोरक्षनाथ गेल्यावर अश्विनीने विचारलं.

“हितं न्हाई उतरायचे ते. हितं त्येंचं काय हाय?”

“अप्पा, कोण?”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ती लहान असताना, पेट्रोल म्हणजे काय असं तिने विचारल्यावर ते जसं बघायचे, तसं त्यांनी पाहिलं.

“मी रजा काढते. उद्या जाऊन येऊ वस्तीवर.”

“तुझा हंगाम चाललाय. रविवारी बघू.” मग ते म्हणाले, “तवर मी बसतो. मानसाला एकटं बसवून ठिवायचं का? गाडीत कुनी बसलं म्हंजी ते जरा पाय मोकळे करत्याल.”

तिने रजा काढली नाही. आठवडाभर अप्पा दुपारचे अंगणातल्या गाडीत जाऊन बसत. पुढे नाही, मागे. अश्विनी कामावरून आली की ते उतरून घरात येत, पण प्रत्येक दिवशी थोडे उशिरा, आणि हाका जास्त माराव्या लागत. एकदा ती गाडीच्या काचेपाशी गेली. अप्पा मागच्या सीटच्या उजव्या कडेला अंग चोरून बसले होते. बस भरलेली असताना माणूस दुसऱ्याला जागा करून देतो, तसे.

आठवडा संपत आला तसा एका संध्याकाळी ती घरी आली, तर अप्पा बाजेवर मांडी घालून बसले होते आणि फाटकातूनच त्यांनी तिला विचारलं, “पोरी, आज जेवायला काय हाय?”

वांग्याचं भरीत होतं. त्यांनी भाकरी मागून घेतली, वर आणखी मागितली, कांदा बुक्कीने फोडला. श्रीरामपुरात म्हशीचा भाव काय, तुमच्या कारखान्याची मळी कुठे जाते, उसाचे वाढे कोण नेतं, असं एकामागून एक विचारत राहिले. मधेच मोठ्याने हसले. अश्विनी भाकरी थापता थापता पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होती. हेच तर तिला हवं होतं. यासाठीच तिने ती गाडी आणली होती.

बाज कुरकुरत नव्हती, हे तिच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. बाजेच्या सुंभाचे पीळ सैल झाले होते. अप्पा नुसते कुशीवर वळले तरी बाज बोलायची. आता ते उठत होते, बसत होते, मांडी बदलत होते, आणि सुंभ ताठ होतं. सदरा धुवायला घेतला, तर खिशात पेंडीचा चुरा निघाला. ती तो ओंजळीत घेऊन मोरीपाशी उभी राहिली. ओला झाल्यावर त्याला बाजाराचा वास सुटला.

“अप्पा,” तिने घरात जाऊन विचारलं, “उद्या रविवार. काच पुसून ठेवता का गाडीची?”

“मी?” ते हसले. “गाडीचं बघायला मानूस ठिवावा लागंल, पोरी. मला कुठं येती गाडी?”

सकाळी धुकं होतं. कालव्याच्या अंगाने ते अंगणापर्यंत आलं होतं, आणि त्यात कारखान्याच्या मळीचा आंबट-गोड वास मिसळला होता. चावी गाडीतच होती. अश्विनी चाकापाशी बसली. अप्पांचा सदरा घातलेले ते तिच्या शेजारी येऊन बसले. गाडी हलली नाही, दबली नाही.

“मागे बसा ना ऐसपैस,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

“मागं मानूस हाय,” ते सहज म्हणाले, आणि रस्त्याने चाललेल्या म्हशींकडे बघू लागले.

तिने आरशात पाहिलं नाही. पुढची काच तिने स्वतः फडक्याने पुसली होती. दिवे लावून ती सावकाश चालवत राहिली. धुक्यातून उसाच्या ट्रॉल्या एकेक करून उगवत आणि विरत. घोडेगावच्या रस्त्याऐवजी तिने कारखान्याचा रस्ता धरला.

“हितं कुठं?”

“काट्यावर.”

“बघू की,” ते म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती.

छगन पेल्यातला चहा फुंकत बसला होता. तिला बघून त्याने काही विनोद केला नाही. गाडी काट्यावर चढली. इंजिन बंद केल्यावर सगळीकडे इतकं शांत झालं, की ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीचा आवाजसुद्धा धुक्यापलीकडे राहिला.

अश्विनी उतरली. लाल आकडे पाच पायऱ्या खाली आले आणि थांबले. तिचं वजन तेवढंच होतं. बरोबर होतं.

“आता तुम्ही उतरा,” ती म्हणाली.

ते उतरले. दार लावलं. काट्याच्या लोखंडी पत्र्यावरून चालत खाली आले आणि तिच्या शेजारी हात मागे बांधून उभे राहिले.

आकडा हलला नाही.

छगनने खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे. त्याने पेला खाली ठेवला. “मॅडम,” तो हळूच म्हणाला, “आत कोन राह्यलंय का?”

आकडा रिकाम्या वजनापेक्षा एका माणसाइतका जास्त होता. गेल्या रविवारच्यापेक्षा थोडा कमी. आण्णा अंगाने भरलेले होते. अप्पा कधीच नव्हते.

अश्विनी पुन्हा काट्यावर चढली. तिने मागचं डावं दार पूर्ण उघडलं आणि अप्पा उभे राहत, तशी ती मान खाली घालून उभी राहिली.

“अप्पा,” ती म्हणाली, “उतरा. कुलूप नाही आता. उतरा.”

सीटचं कातडं दबलेलं होतं. ते वर आलं नाही.

“कुनाशी बोलतीस गं, पोरी?” मागून प्रेमळ आवाज आला.

धुक्याचा गारठा आत जात होता. म्हातारं माणूस काकडेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिने दार हलकेच लावलं.

काचेवर आतून वाफ धरली होती. अश्विनी बघत असताना त्या वाफेत एक अर्धगोल उघडत गेला. डावीकडून उजवीकडे, सावकाश, बाहीने पुसल्यासारखा.